जॉर्ज हर्बर्टच्या गावांत

इंग्रजी विषय घेऊन बी. ए. झालेल्या आपल्याकडच्या अनेकांना जॉर्ज हर्बर्ट भेटतो तो ‘द पुली’ या एकाच कवितेपुरता. देवाने माणूस घडवताना सामर्थ्य, सौंदर्य, शहाणपण, मान आणि सुख त्याच्यावर ओतले, पण विश्रांती तेवढी मुद्दाम तळाशी राखून ठेवली. निदान थकव्यामुळे तरी हा आपल्याकडे येईल, असा त्यामागचा हिशेब. एवढे उत्तरपत्रिकेत लिहायचे, डन, मार्व्हेल आणि व्हॉन यांच्याबरोबर त्याला मेटॅफिजिकल, म्हणजे सतराव्या शतकातल्या तर्काने आणि अनपेक्षित उपमांनी लिहिणाऱ्या, कवींच्या यादीत बसवायचे आणि पुढच्या कवीकडे वळायचे, असा एकूण शिरस्ता. हर्बर्ट १५९३ मध्ये जन्मला आणि १६३३ मध्ये, चाळीस पूर्ण व्हायला महिना उरला असताना, क्षयाने गेला. त्याचा इंग्रजी कवितांचा संग्रह तो हयात असताना छापला गेला नव्हता. राजदरबारात सहज वर चढला असता असा हा माणूस एका खेड्यातल्या लहानशा चर्चचा पाद्री होऊन संपला, आणि त्याची कविता कळायची तर त्या चर्चचा आकार डोळ्यांनी पाहायला हवा, असे मला बरीच वर्षे वाटत होते.

यंदा मे महिन्यात तो योग आला. सोबत ताई होती. ती वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाली आहे आणि कवितेशी तिचा संबंध बेताचाच. हर्बर्टच्या आयुष्याच्या क्रमानेच गावे घ्यायची असे ठरवले. वेल्समधले त्याचे जन्मगाव मॉन्टगोमेरी मात्र वाकड्या वाटेवर पडत असल्याने सोडावे लागले.

पहिला दिवस : केंब्रिज

ट्रिनिटी कॉलेजच्या मुख्य दरवाज्याबाहेर हिरवळीच्या तुकड्यावर सफरचंदाचे एक झाड आहे, न्यूटनच्या घरच्या झाडाच्या वंशातले. ताई तिथेच थांबली. मोहर गळून गेला होता आणि देठांच्या टोकांना लवदार हिरव्या गाठी धरू लागल्या होत्या. त्या तिने चष्मा कपाळावर सरकवून, अगदी नाकाशी आणून पाहिल्या. आमच्यामागे फोटोसाठी रांग लागली. दरवाज्यावरच्या पोर्टरला मी हर्बर्टची काही खूण आत आहे का असे विचारले, तेव्हा त्याने सौजन्याने उत्तर दिले की लोक न्यूटनचे विचारतात, बायरनचे विचारतात, आणि आपल्यासारखे पाहुणे रामानुजनचे विचारतात; हर्बर्टचे विचारणारे आपण त्या आठवड्यातले पहिलेच.

हर्बर्ट १६०९ मध्ये वेस्टमिन्स्टर शाळेतून इथे आला. ग्रेट कोर्ट या विस्तीर्ण चौकातले कारंजे, भोजनगृह आणि चॅपेल तेव्हाही होते, त्यामुळे त्याने पाहिलेले बरेचसे आपल्यालाही पाहता येते. चॅपेलच्या बाहेरच्या दालनात न्यूटन, बेकन, टेनिसन यांचे संगमरवरी पुतळे आहेत. त्यांतल्या तत्त्वज्ञ बेकनने १६२५ मध्ये काही स्तोत्रांचे भाषांतर छापले आणि ते हर्बर्टला अर्पण केले, म्हणजे बत्तिशीच्या आतच हर्बर्टचे वजन केवढे होते ते कळते.

त्या वजनाचे कारण त्याचे पद. १६२० ते १६२८ तो विद्यापीठाचा ‘पब्लिक ओरेटर’ होता. राजाला आणि सरदारांना विद्यापीठाच्या वतीने लॅटिनमध्ये पत्रे लिहायची आणि बडे पाहुणे आले की लॅटिनमध्येच स्वागताचे भाषण करायचे, असे ते काम. ही विद्यापीठातली सर्वांत देखणी जागा आहे, फार किफायतीची नसली तरी, असे तो सावत्र वडिलांना लिहितो आणि वर्षाला सुमारे तीस पौंड सुटतात हेही लगोलग सांगतो. त्याच्या आधी याच जागेवर बसलेला रॉबर्ट नॉन्टन पुढे राजाचा सेक्रेटरी ऑफ स्टेट झाला होता. हर्बर्टच्या डोळ्यांसमोर तीच शिडी असणार. तो १६२४ मध्ये पार्लमेंटमध्येही गेला. पण त्याच सुमारास त्याचे दरबारातले आधार एकेक करून निवर्तले, १६२५ मध्ये पहिला जेम्स राजाही गेला, आणि त्या शिडीवर पाय ठेवायचा की नाही हा प्रश्न त्याला पुढची काही वर्षे छळत राहिला. ‘अफ्लिक्शन’ नावाच्या कवितेत तो म्हणतो की मी वाचतो, उसासे टाकतो आणि आपण झाड असतो तर बरे असे म्हणतो. झाडाला निदान फळ तरी येते, एखादा पक्षी तरी घरटे बांधतो. ताईला ही ओळ ऐकवली तेव्हा ती म्हणाली, “अरे, मग हा माणूस मला आवडणार बहुतेक.”

केंब्रिजला जाणाऱ्यांसाठी एक सूचना: मे-जूनमध्ये परीक्षांच्या काळात बरीच कॉलेजे पाहुण्यांना बंद असतात किंवा ठरावीक वेळीच उघडतात, तेव्हा आधी चौकशी करून जावे. आत जाता आले नाही तर हळहळत न बसता फिट्झबिलीज या जुन्या बेकरीत चेल्सी बन खावा. पाकाने चिकट झालेला, दालचिनीच्या वासाचा हा गुंडाळी पाव एकात दोघांना पुरतो. बोटे धुवायला पाणी जवळ ठेवावे.

दुसरा दिवस : लेटन ब्रॉम्सवल्ड आणि लिटल गिडिंग

केंब्रिजहून बसने हंटिंग्डनला आणि तिथून टॅक्सीने पुढे गेलो. हंटिंग्डन हे क्रॉमवेलचे जन्मगाव. ज्या राजवटीच्या आधाराने हर्बर्टचे चर्च उभे होते ती उलथवणारा माणूस इथून हाकेच्या अंतरावर वाढला, हे नकाशा पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

लेटन ब्रॉम्सवल्डचे चर्च टेकाडावर आहे आणि त्याचा चौकोनी मनोरा शेतांपलीकडून बराच आधी दिसू लागतो. आम्ही उतरलो तेव्हा गारांचा सडाका आला, पाच मिनिटांत थांबला आणि लख्ख ऊन पडले. इंग्लंडच्या मे महिन्यावर विश्वास ठेवू नये, छत्रीपेक्षा टोपीचे जाकीट बरे. आत एक वयस्क बाई लहान ब्रश आणि सुपली घेऊन बाकांवरच्या वटवाघळांच्या लेंड्या झाडत होत्या. इथल्या खेड्यांतल्या चर्चांचे हे नेहमीचे दुखणे आहे. वटवाघळांना कायद्याचे संरक्षण असल्याने त्यांना हुसकावता येत नाही, तेव्हा बाकांवर प्लॅस्टिक अंथरायचे आणि प्रार्थनेच्या आधी झाडायचे. बाईंनी आम्हाला आपणहून एकेक गोष्ट दाखवली.

हर्बर्टला १६२६ मध्ये या चर्चच्या नावाचे मानाचे पद मिळाले. तो इथे राहायला आला नाही. पण इमारत मोडकळीला आलेली, छप्पर गेलेले, आणि गावकऱ्यांना प्रार्थनेला जागा नाही, हे कळल्यावर त्याने स्वतःचे पैसे घातले, नातेवाइकांना आणि ओळखीच्या उमरावांना पत्रे लिहून आणखी जमवले. आईने त्याला यातून अंग काढून घे असे सांगितले होते, कारण त्याची तब्येत आणि पैसा दोन्ही बेताचे होते. त्याने ऐकले नाही. केंब्रिजमध्ये लॅटिनमधून आर्जवे करण्यात तरबेज झालेला हात इथे एका छपरासाठी कामाला आला, असे म्हणायला हरकत नाही.

या चर्चमध्ये थांबून पाहावी अशी गोष्ट म्हणजे समोरासमोर असलेली दोन लाकडी व्यासपीठे. एक प्रवचनाचे, दुसरे प्रार्थना वाचण्याचे. दोघांची उंची सारखी, दोघांवर आवाज खाली परतवणारे सारखेच लाकडी छत. एरवी प्रवचनाचे आसन उंच असते आणि प्रार्थना खालून वाचली जाते. हर्बर्टने दोन्ही सारखी करवून घेतली; प्रार्थना आणि प्रवचन यांत थोरला-धाकटा नको, दोघांनी भावांसारखे नांदावे, अशी त्याची इच्छा होती, असे त्याचा चरित्रकार आयझॅक वॉल्टन नोंदवतो. ज्याची सारी कारकीर्द भाषणावर उभी होती त्याने भाषणाची जागा एवढी खाली आणावी, हे मला त्याच्या कुठल्याही चरित्रापेक्षा जास्त बोलके वाटले. बाईंनी मला प्रार्थनेच्या व्यासपीठावर चढून काहीतरी वाचायला सांगितले. मी ‘प्रेअर’ हे सुनीत वाचले. त्यात प्रार्थनेला एकामागून एक नावे दिलेली आहेत: चर्चची मेजवानी, उलटी वीज, ताऱ्यांच्या पलीकडून ऐकू येणारा घंटांचा नाद, मसाल्यांचा देश. पूर्ण वाक्य त्यात एकही नाही. आवाज जराही न चढवता शेवटच्या बाकापर्यंत गेला.

लिटल गिडिंग तिथून जवळच आहे. मेंढ्यांची कुरणे, फुललेल्या हॉथॉर्नची पांढरी कुंपणे, एक फार्महाउस आणि त्यामागे एक चिमुकले चर्च, एवढाच पसारा. टी. एस. एलियट मे १९३६ मध्ये इथे येऊन गेला आणि पुढे त्याने एका दीर्घ कवितेला या जागेचे नाव दिले, त्यामुळे बहुतेक वाचक इथे एलियटच्या मागे येतात. आमचे काम हर्बर्टचा मित्र निकोलस फेरर याच्याकडे होते. अमेरिकेत वसाहत करणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचा कारभार आणि पार्लमेंट सोडून फेरर आपली आई, भाऊ, बहीण, भाचे-पुतणे अशा तीसएक माणसांच्या कुटुंबासह या पडीक गावात आला आणि त्यांनी प्रार्थनेचे एक वेळापत्रकच घालून घेतले: दिवसरात्र मिळून सगळी, म्हणजे दीडशे, स्तोत्रे म्हणायची. घरातल्या मुली चारही शुभवर्तमानांच्या छापील प्रती कात्रीने कापून, ओळ ओळ जुळवून, त्यांची एकच सलग कथा करून चिकटवत. पहिल्या चार्ल्स राजाने तसे एक पुस्तक वाचायला नेले आणि परत करताना आपल्यासाठी दुसरे मागवले.

हर्बर्टच्या कविता जगात आल्या त्या या घरातून. वॉल्टनच्या सांगण्याप्रमाणे मृत्यू जवळ आल्यावर हर्बर्टने भेटीला आलेल्या एडमंड डंकनच्या हाती एक लहानसे हस्तलिखित दिले आणि फेररला निरोप पाठवला की कुणा खचलेल्या जिवाला याचा उपयोग होईल असे वाटले तर छापा, नाही तर जाळून टाका. फेररने ते वाचले, घरच्यांनी त्याची सुबक प्रत केली आणि १६३३ मध्येच, हर्बर्ट गेला त्याच वर्षी, केंब्रिजच्या छापखान्यातून ‘द टेम्पल’ बाहेर पडले. केंब्रिजचे उपकुलगुरू दोन ओळींवर अडले होते. धर्म आपल्या देशात चवड्यांवर उभा आहे, अमेरिकेच्या किनाऱ्याकडे निघण्याच्या तयारीत, असे त्या ओळी म्हणत. फेररने त्या गाळायला नकार दिला आणि परवानगी मिळाली. फेररची साधी दगडी कबर चर्चच्या दाराबाहेरच आहे. आत जाणाऱ्याला ती वळसा घालूनच जावे लागते.

आमची परतीची टॅक्सी तास उलटला तरी आली नाही आणि मोबाइलला रेंज नव्हती. शेजारच्या फेरर हाउसमधल्या बाईंनी फोन लावून दिला, चहा आणि लिंबाचा केक पुढे केला आणि ताईशी कुंपणातल्या झाडांवरून गप्पा मारत बसल्या. इकडे येणाऱ्यांनी परतीची गाडी थांबवूनच ठेवावी आणि दोन्ही चर्चे एकाच फेरीत करावीत. सार्वजनिक वाहनाच्या भरवशावर हा दिवस जमत नाही.

तिसरा दिवस : चेल्सी

लंडनमधून सॉल्झबरीला जाताना अर्धा दिवस काढून थेम्सकाठचे चेल्सी ओल्ड चर्च पाहिले. हर्बर्टची आई मॅग्डलेन इथे पुरली आहे. नवरा १५९६ मध्ये वारल्यावर दहा मुलांना या बाईने एकटीने वाढवले. थोरला एडवर्ड तत्त्वज्ञ आणि पॅरिसमधला राजदूत झाला, हेन्री दरबारच्या नाटकांचा अधिकारी झाला. कवी आणि पाद्री जॉन डन तिचा जिवलग मित्र. प्लेगच्या १६२५ सालात तो चेल्सीला तिच्याच घरी राहिला होता. तिने नंतर सर जॉन डॅनव्हर्सशी लग्न केले, आणि हा दुसरा नवरा तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान होता. जवळच्याच एका रस्त्याला अजून डॅनव्हर्सचे नाव आहे.

ती १६२७ मध्ये गेली. जुलैच्या पहिल्या तारखेला डनने या चर्चमध्ये तिच्यावर प्रवचन दिले. श्रोत्यांत असलेल्या वॉल्टनने त्याला रडताना पाहिले. हर्बर्टने आईवर लिहिलेल्या लॅटिन आणि ग्रीक कविता त्याच प्रवचनासोबत छापल्या गेल्या. सोळा-सतराव्या वर्षी केंब्रिजहून त्याने आईला दोन सुनीते पाठवली होती आणि कविता सगळी प्रेयसींच्याच वाट्याला का जावी, असा त्यांत देवाच्या वतीने जाब विचारला होता. ती पाठराखण संपल्यावर वर्षभरातच त्याने ओरेटरचे पद सोडले.

चर्चवर एप्रिल १९४१ मध्ये बॉम्ब पडला आणि त्याचा मोठा भाग कोसळला. टॉमस मोरचे चॅपेल तेवढे बचावले. आज दिसते ती इमारत पुन्हा बांधलेली आहे. तरी अर्धा दिवस वाया गेला असे वाटले नाही, कारण डन आणि हर्बर्ट यांच्यातला फरक इथे स्पष्ट दिसतो. डनची प्रवचने सेंट पॉल्ससारख्या महाकाय जागेत घुमण्यासाठी होती आणि त्याची कविताही पहिल्याच ओळीत दार धाडकन उघडते. हर्बर्ट कवितेत जवळ बसून बोलतो. ‘द कॉलर’ या कवितेत तो टेबलावर मूठ आपटून ‘आता पुरे’ असे ओरडतो खरा, तीसएक ओळी तणतणतोही. पण शेवटी कुणीतरी ‘बाळा’ अशी हाक मारल्यासारखे वाटते आणि तो ‘प्रभू’ एवढेच उत्तर देतो. ही हाक ऐकू येण्यासाठी खोली लहान हवी.

चौथा दिवस : सॉल्झबरी

दुपारी पोहोचलो. गाडीची कथा सांगण्यासारखी नाही. मंगळवार असल्याने चौकात बाजार भरला होता. तो मंगळवारी आणि शनिवारी भरतो. तिथे आम्हाला लार्डी केक मिळाला. हा विल्टशरचा खास पदार्थ: पावाच्या पिठात डुकराची चरबी, साखर आणि बेदाणे घालून थर देऊन भाजतात. शाकाहारी मंडळींनी नावावर जाऊ नये, ‘लार्ड’ म्हणजे चरबीच. ताईने फक्त वास घेतला. मी संपवला, आणि मग संध्याकाळी जेवण लागले नाही.

कॅथीड्रलचे शिखर १२३ मीटर उंच आहे, ब्रिटनमधले सर्वांत उंच. दर्शनी भिंतीवर संतांच्या रांगांमध्ये हर्बर्टचाही एक पुतळा आहे, तो शोधून काढावा लागतो. आत १३८६ च्या सुमाराचे, तबकडी नसलेले यांत्रिक घड्याळ आजही चालू आहे; त्याचे ठोके हर्बर्टच्याही कानी पडले असतील. मॅग्ना कार्टाची प्रत पाहायला गर्दी असते. आम्ही मात्र आलो होतो संध्याकाळच्या गायनप्रार्थनेसाठी. हर्बर्ट ल्यूट आणि व्हायोल वाजवायचा आणि आठवड्यातून दोनदा बेमर्टनहून, म्हणजे आपल्या चर्चच्या गावाहून, पायी इथे संगीत ऐकायला यायचा. हा माझा पृथ्वीवरचा स्वर्ग, असे म्हणायचा. परतण्यापूर्वी गावात मित्रांबरोबर वादनाची बैठकही व्हायची.

त्या संध्याकाळी मुलींचा वृंद गात होता. सॉल्झबरीने १९९१ मध्ये मुलींचा स्वतंत्र वृंद सुरू केला, इंग्लंडच्या कॅथीड्रलांमध्ये ही पहिलीच सुरुवात. या प्रार्थनेला प्रवेशमूल्य नसते आणि कुणालाही बसता येते. वीस मिनिटे आधी गेले तर गायकांच्या शेजारच्या जुन्या लाकडी आसनांवर जागा मिळते. लक्षात येते ते असे की इतक्या प्रचंड वास्तूत सूर शब्दाला गिळून टाकतो. स्तोत्रातला शब्द न् शब्द हातातल्या पुस्तकात पाहावा लागतो. हर्बर्ट इथे भरपूर ऐकून घ्यायचा आणि मग दीड-दोन मैल चालत, शब्द ऐकू येतील अशा जागी परतायचा.

जेवणाऐवजी टाउन पाथ या पायवाटेने पाणथळ कुरणांतून हार्नमच्या जुन्या गिरणीपर्यंत फिरून आलो. रात्री नऊपर्यंत उजेड असतो. कॉन्स्टेबलने १८३१ च्या चित्रात याच कुरणांतून कॅथीड्रल पाहिले होते. त्याच्या चित्रातले इंद्रधनुष्य काही आम्हाला मिळाले नाही, पण ताईला पाटात वाढलेला वॉटरक्रेस मिळाला.

पाचवा दिवस : बेमर्टन

सॉल्झबरी स्टेशनापासून बेमर्टनला जाणारा रस्ता कुरणांतून जात असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो औद्योगिक वसाहतीतून जातो: गाड्यांची गॅरेजे, फरश्यांची दुकाने, मालाची गोदामे. तरीही तो पायीच जावा, कारण वॉल्टनने सांगितलेली एक गोष्ट याच वाटेवरची आहे. गायनाला निघालेल्या हर्बर्टला एक गरीब माणूस आणि ओझ्याखाली पडलेला त्याचा घोडा दिसला. हर्बर्टने अंगावरचा पाद्र्याचा झगा काढला, ओझे उतरवायला आणि पुन्हा लादायला हात लावला, खर्चाला पैसे दिले, आणि जनावरावर दया कर असेही बजावले. चिखलाने माखून तो मित्रांत पोहोचला तेव्हा, एरवी इतका टापटिपीचा माणूस असा कसा, म्हणून त्यांनी विचारले. हे काम मला मध्यरात्री संगीतासारखे सोबत करील, असे म्हणून त्याने वाद्ये जुळवायला सांगितले.

गोदामे संपली की रस्ता एकदम अरुंद होतो आणि डाव्या-उजव्या हाताला समोरासमोर दोन इमारती येतात: एकीकडे सेंट अँड्र्यूज चर्च, दुसरीकडे जुने पाद्रीनिवास. मी चर्चचा आकार पाहायला आलो होतो आणि तरीही तो पाहून थबकलो. एक खोली, तिच्यावर घंटेचा लहानसा मनोरा. आपल्याकडच्या वाड्यातली ओसरी याहून मोठी असते.

१६३० च्या एप्रिलमध्ये रिवाजाप्रमाणे नव्या पाद्र्याला आत एकटे बंद करून घंटा वाजवायला लावले. बराच वेळ तो बाहेर येईना म्हणून मित्राने खिडकीतून डोकावले तर हर्बर्ट वेदीसमोर जमिनीवर पालथा पडलेला. इथे तो तीन वर्षांहूनही कमी जगला, आणि ‘द टेम्पल’मधल्या कितीतरी कविता त्या काळातल्या आहेत. पश्चिमेच्या खिडकीत हर्बर्ट आणि फेरर काचेत शेजारी शेजारी उभे आहेत. वेदीच्या अलीकडे भिंतीवर ‘जी. एच. १६३३’ एवढीच अक्षरे कोरलेली एक पाटी आहे. जवळच कुठेतरी तो पुरला आहे. ताई पहिल्या बाकावर बसली आणि म्हणाली, “वाच ना एखादी, मीच काय ती गावकरी आहे.”

मी ‘लव्ह’ वाचली, संग्रहातल्या ‘द चर्च’ या मुख्य भागातली शेवटची. प्रेम दारात स्वागत करते, पण पाहुणा धुळीने आणि पापाने माखलेला, तो मागे सरतो. यजमान जवळ येऊन विचारतो, काही कमी आहे का? पाहुणा म्हणतो, इथे बसण्याच्या लायकीचा माणूस कमी आहे. तो तूच आहेस, असे उत्तर येते. मग एकेक सबब आणि एकेक गोड उत्तर, आणि शेवटी: बस, आणि माझे अन्न चाख. पाहुणा बसतो आणि जेवतो. शब्द बहुतेक एकेका अक्षराचे, आणि सगळा डाव आदरातिथ्याच्या रीतीचा. ही रीत हर्बर्ट उमरावांच्या पंक्तीत शिकला होता, मूर्तिमंत शिष्टाचारात वाढला होता. दरबार सोडला तरी दरबारी अदब त्याने सोडली नाही, फक्त ती देवाच्या तोंडी घातली. डनचा देव दार फोडून आत येतो. हर्बर्टचा देव पाटावर बसायचा आग्रह करतो.

बाहेर गवत कापणाऱ्या आजोबांनी यंत्र थांबवून विचारले, “हर्बर्टसाठी आलात की सेठसाठी?” प्रश्न रास्त होता. समोरचे पाद्रीनिवास २००३ मध्ये विक्रम सेठ यांनी विकत घेतले, आणि हर्बर्टच्या कवितांचे घाट घेऊन कविताही लिहिल्या. हर्बर्टने हे घर स्वखर्चाने दुरुस्त केले होते आणि पुढच्या पाद्र्यासाठी काही ओळी कोरून ठेवल्या होत्या: पैसा न घालता आयते घर मिळाले आहे, तेव्हा गरिबांशी चांगला वाग, म्हणजे माझे श्रम फुकट जाणार नाहीत. घर खासगी आहे. रस्त्यावरून पाहावे, घंटी वाजवू नये.

नॅडर नदी घरामागून वाहते. ब्रोकन ब्रिजेस या पायवाटेने तिच्या काठाने परतताना मी ताईला हर्बर्टच्या ‘द कंट्री पार्सन’ या गद्य पुस्तकातला औषधांचा भाग सांगितला. पाद्र्याच्या बायकोला जखमा बांधता यायला हव्यात, आणि औषधे शहरातून न आणता बागेतून आणि रानातून घ्यावीत, असे तो लिहितो. मलमासाठी हिसप, यॅरो आणि सेंट जॉन्स वर्ट, पोटिसासाठी एल्डर, कॅमोमाइल आणि कॉम्फ्री. ताईने काठावर वाकून कॉम्फ्रीचे एक खरखरीत पान तोडले, चुरगाळले, हुंगले. “पोटीस बरोबर आहे,” ती म्हणाली, “पण पोटात घेऊ नये. यकृताला वाईट.” हर्बर्टवर माझ्या ऐकण्यात आलेली ही सर्वांत नेमकी टीका.

गावात वरच्या अंगाला सेंट जॉन्स या मोठ्या चर्चची इमारत आहे, १८६१ मध्ये हर्बर्टच्या स्मरणार्थ बांधलेली. व्हिक्टोरियन मंडळींना लहान चर्च स्मारकाला अपुरे वाटले असावे. आम्ही ती बाहेरून पाहिली.

सहावा दिवस : विल्टन

शेवटी बसने विल्टनला गेलो. पेंब्रोकचे अर्ल हे हर्बर्टचे दूरचे भाऊबंद, आणि त्यांच्या हवेलीतल्या अ‍ॅन क्लिफर्ड या सरदारीण बाईंना त्याने लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आज दिसणारी भव्य दालने बहुतांशी हर्बर्टनंतरची आहेत, त्यामुळे वेळ कमी असेल तर हवेली गाळली तरी चालेल. नॅडरकाठची बाग तेवढी पाहावी.

मराठी वाचकाला विल्टशरमध्ये आणखी एक ओढ आहे. १५७९ मध्ये गोव्याला येऊन मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारे फादर टॉमस स्टीफन्स याच परगण्यातले. त्यांचे गाव बुश्टन, इथून उत्तरेला. क्रिस्तपुराण राशोलला छापले गेले ते १६१६ मध्ये, आणि त्याच वर्षी हर्बर्ट केंब्रिजमध्ये एम. ए. झाला. स्टीफन्स जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघाचे पाद्री, प्रॉटेस्टंट मायदेशी परतले असते तर जिवावर बेतले असते; हर्बर्ट त्याच मायदेशाच्या राजमान्य चर्चचा पाद्री. दोघांनीही लोकांच्या बोलीत गाता येईल असे देवाचे काव्य केले, एकाने ओवीत आणि दुसऱ्याने डझनावारी घाटांत. बुश्टनला जायचे तर स्वतःची गाडी हवी. सॉल्झबरीहून एक पूर्ण दिवस राखून ठेवावा आणि वाटेत एव्हबरीचे दगडी वर्तुळ पाहून घ्यावे.